डिझेल एंजिनाची गळती

जून महिना लागला कीं मुंबईच्या ससून गोदीपासून रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापर्यंत मासेमारीच्या यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात. पावसाळ्याचा हा काळ माशांच्या विणीचा. म्हणून अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या समुद्रांत यांत्रिक नौकांना मासेमारीची कायद्यानें बंदी असते. नौका ओढून वर घेतल्या जातात, शाकारल्या जातात, फाटलीं जाळीं सांधलीं जातात. आणि वर्षाचे दहा महिने ज्याच्याकडे पाहावयास कोणाला सवड नव्हती तें डिझेल एंजिन याच दोन महिन्यांत मेस्त्रीच्या हातीं येतें. शहरांतल्या घरीं सुरमई किंवा पापलेट येतें तें बहुतेक या एंजिनाच्या बळावर. त्या घराला एंजिनाची ओळख नसते हें साहजिक आहे; परंतु नौकेच्या मालकाची, ज्याला कोळी लोक नाखवा म्हणतात त्याचीहि, ओळख पुष्कळदां वरवरचीच असते. मेस्त्रीपुढें तो एकच तक्रार मांडतो : एंजिन गळतें.

रोग्यानें वैद्याला 'ताप येतो' म्हणून सांगावें तशी ही तक्रार आहे. ती खरी असते, पण तेवढ्यावरून औषध देतां येत नाहीं. काय गळतें, कोठून गळतें, एंजिन चालूं असतांना गळतें कीं बंद असतांना, आणि गळून तें कोठें जातें, हे चार प्रश्न सुटल्याखेरीज पान्याला हात घालणें व्यर्थ होय. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच विचारला जात नाहीं.

रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें आपलें एंजिन यशस्वी करून दाखविलें. त्यांतली कल्पना फार साधी होती. पेट्रोलच्या एंजिनाप्रमाणें येथें विजेची ठिणगी नसते. सिलिंडरमध्यें नुसती हवा घेऊन दट्ट्यानें ती इतकी दाबावयाची कीं तिचें उष्णतामान पांचशें अंशांच्या आसपास किंवा त्याहूनहि वर जावें, आणि त्या तापलेल्या हवेंत इंधनाचा बारीक फवारा सोडावयाचा. तो आपोआप पेटतो. सायकलीच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें टोक हाताला गरम लागतें, त्याच तत्त्वाचा हा मोठा अवतार. पण दाबलेल्या हवेंत फवारा घुसवावयाचा म्हणजे त्या हवेहून कितीतरी अधिक जोरानें इंधन लोटावें लागतें. हा झाला पहिला द्रव. दुसरा वंगणाचें तेल. एंजिनाच्या तळच्या पात्रांतून, ज्याला मेस्त्री चेंबर म्हणतात, पंप तें उचलतो, फिरत्या भागांना न्हाऊं घालतो, आणि तें पुन्हां तळाशीं येतें. तिसरा द्रव पाणी. तें एंजिनाला तापूं देत नाहीं. एकाच लोखंडी ठोकळ्यांत हे तिघे एकमेकांपासून कोठें बोटभर जाडीच्या भिंतीनें, तर कोठें पोस्टकार्डाच्या दोन-चार पदरांएवढ्या पत्र्यानें वेगळे राहतात. गळती म्हणजे यांपैकीं एकानें आपलें घर सोडणें. तो उघड्यावर आला तर डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो, कपड्यांना लागतो. तो शेजाऱ्याच्या घरांत शिरला तर महिनाभर कोणाला पत्ता लागत नाहीं. नाखवा तक्रार करतो ती पहिल्या प्रकारच्या गळतीची. एंजिनाचा घात करते ती बहुधा दुसरी.

याचा अर्थ उघड गळती क्षुल्लक समजावी असा नव्हे. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर कोणी त्याची पर्वा करीत नाहीं. पण दिवसाचे सेकंद ८६,४००. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि आठवडाभराच्या फेरींत तीस लिटर डिझेल नाहींसें होतें. तें कोठें जातें? नौकेच्या तळांत सांचलेल्या पाण्यांत. तें पाणी पुढें पंपानें उपसून ज्या समुद्रावर पोट भरावयाचें त्याच समुद्रांत ओतलें जातें.

उघड्या गळतीचा शोध घेण्याची खरी रीत इतकी साधी आहे कीं तिचा कंटाळाच येतो. प्रथम एंजिन धुऊन पुसून कोरडें करावयाचें. तेलानें माखलेल्या एंजिनावर गळतीचा उगम शोधणें म्हणजे चिखलांत पाउलें शोधणें होय. तेल खालीं उतरतें, कडेनें वाहतें, एंजिनाच्या वाऱ्यानें मागें फेकलें जातें. त्यामुळें जेथें थेंब लोंबतो ती जागा बहुधा निरपराध असते. अपराधी तिच्या वर, आणि पुष्कळदां पुढें, बसलेला असतो. म्हणून कोरड्या केलेल्या सांध्यांवर खडूची पूड लावावी, एंजिन थोडा वेळ चालवावें, आणि सर्वांत वर जेथें पूड भिजली असेल ती जागा धरावी. खालीं पांढरा कागद अंथरला तर द्रवाची जातहि कळते. डिझेल पातळ, चटकन पसरणारें आणि उग्र वासाचें. जुनें वंगण काळें व दाट. ही अर्ध्या तासाची तपासणी टाळून मेस्त्री दिसेल तो नट आवळूं लागला कीं समजावें, काम वाढणार आहे.

इंधनाच्या मार्गाचे तीन टप्पे पडतात, आणि प्रत्येकाची गळती वेगळ्या स्वभावाची असते. टांकीपासून फीड पंपापर्यंतचा टप्पा ओढीचा. टांकी एंजिनाच्या खालच्या पातळीवर असेल तर या टप्प्यांत एंजिन चालूं असतां फट पडूनहि थेंब पडत नाहीं. उलट बाहेरची हवा आंत ओढली जाते. नाखव्याची तक्रार मग निराळीच असते : सकाळीं एंजिन लवकर सुरू होत नाहीं, मध्येंच आचके देतें, हवा काढली कीं पुन्हां तासभर नीट चालतें. गळती आहे, पण ती आंतल्या बाजूस आहे. अशा वेळीं पंपाच्या तोंडाशीं हातभर पारदर्शक नळी तात्पुरती बसविली तर धांवणारे बुडबुडे डोळ्यांनीं दिसतात. दोष बहुधा जुन्या रबरी नळीच्या तोंडाशीं किंवा फिल्टरच्या झांकणाखालच्या कड्यांत सांपडतो.

दुसरा टप्पा फीड पंपापासून फिल्टरमधून इंजेक्शन पंपापर्यंत. येथें दाब बेताचा असतो. पोकळ बोल्टाच्या दोन्ही अंगांस तांब्याच्या चकत्या घालून हे सांधे केलेले असतात. तांबें मऊ असतें, दाबलें कीं सांध्याच्या खाचाखोचांत बसतें, म्हणूनच तें येथें घेतलें आहे. पण एकदां दाबलेलें तांबें कठीण होतें, आणि तीच चकती पुन्हां बसविली तर ती झिरपते. मग बोल्ट अधिक आवळला जातो, त्याचे आटे जातात, आणि चार आण्यांच्या चकतीपायीं पंपाचें तोंड खराब होतें. नवी चकती घालणें सर्वांत उत्तम. ती जवळ नसेल तर जुनी चकती लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत टाकावी. पोलाद असें केल्यानें कठीण होतें, तांबें मऊच राहतें. वरची काजळी घासून काढली कीं ती पुन्हां कामास येते. या सांध्यांच्या आट्यांवर पांढरी फीत गुंडाळण्याची हल्लींची चाल मात्र टाकून द्यावी. तिचे धागे सुटून इंजेक्टरच्या केसाएवढ्या छिद्रांत जाऊन बसतात.

रबरी नळ्यांविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. साधें रबर डिझेलांत फुगतें आणि कुजल्यासारखें होतें. तेलाला दाद न देणारें कृत्रिम रबर जर्मनींत १९३० नंतरच्या दशकांत निघालें आणि इंधनाच्या नळ्या आज त्याच जातीच्या असतात. दुकानांत शेजारीं टांगलेली पाण्याची नळी दिसावयास तशीच असली तरी ती चालत नाहीं. वाटेवरच्या तात्पुरत्या युक्त्यांना येथें थोडी जागा आहे. मालमोटारीच्या टांकीला चीर पडली तर चालक तीवर साबणाची वडी चोळून ती बुजवितात. यांत जादू नाहीं. साबण पाण्यांत विरघळतो, डिझेलांत विरघळत नाहीं, आणि टांकींत दाब नसतो. गांव गांठण्यापुरती ही युक्ति चोख आहे. तीच साबणाची वडी घेऊन कोणी तिसऱ्या टप्प्याकडे वळला तर मात्र त्याला हात धरून थांबविलें पाहिजे.

हा तिसरा टप्पा इंजेक्शन पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या पोलादी नळ्यांचा. जुन्या धर्तीच्या एंजिनांतहि इंजेक्टरचें तोंड वातावरणाच्या दाबाच्या सुमारें दोनशें पट दाब झाल्याखेरीज उघडत नाहीं; नव्या पद्धतीच्या एंजिनांत हा दाब दोन हजार पटींच्या घरांत जातो. अशा नळीला सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें तर तेथून थेंब पडत नाहीं. डोळ्यांना न दिसणारी धार सुटते. वास येतो, जवळपास धुक्यासारखें कांहीं तरळतें, आणि नवशिका मेस्त्री सहज म्हणून त्या नळीवरून बोट फिरवतो. ही धार कातडीला भोंक पाडून आंत शिरते. टोंचल्याइतकी वेदना होते, रक्ताचा एखादा थेंब येतो, आणि काम पुढें चालूं राहतें. कांहीं तासांनीं बोट सुजतें, ठणकूं लागतें. आंत गेलेलें डिझेल स्नायूंच्या पदरांतून हाताकडे पसरत असतें आणि जेथें जातें तेथील मांस मारीत असतें. या जखमेला मलम व पट्टी उपयोगी पडत नाहीं. शस्त्रवैद्यानें शक्य तितक्या लवकर हात उघडून तो धुतला तरच बोट वांचण्याची आशा असते, आणि उशीर झाला तर तें कापावें लागतें. रुग्णालयांत गेल्यावर 'टोंचलें' असें मोघम न सांगतां 'दाबाखालचें डिझेल कातडींत शिरलें आहे' असेंच सांगावें. कारण वरून पाहणाऱ्या डॉक्टरलाहि ती जखम क्षुद्र वाटण्याचा संभव असतो. अशा नळीची गळती शोधावयाची ती लांब काठीला पुठ्ठा बांधून. धार असेल तर पुठ्ठा भिजतो किंवा त्याला भोंक पडतें. आणि नट आवळावयाचा तो एंजिन बंद करून, दाब उतरल्यावरच.

आतां, ही जाड पोलादी नळी फुटते कां? दाबानें क्वचितच. ती थरथरून फुटते. एंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला नळी किंचित् हलते. तिला जागोजागीं पकडून ठेवणाऱ्या लहान क्लिपा असतात. पूर्वींच्या एखाद्या दुरुस्तींत त्यांतली एक हरवलेली असते, किंवा घाईंत लावावयाची राहिलेली असते. मग नळी तारेसारखी वांकते आणि सरळ होते, वांकते आणि सरळ होते, आणि लाखों वेळां असें झाल्यावर नटाजवळ तिला चीर जाते. नवी नळी घातली आणि क्लिप घातली नाहीं तर तीच कथा कांहीं आठवड्यांनीं पुन्हां. गळतीचें मूळ शोधणें म्हणजे काय याचें याहून चांगलें उदाहरण नाहीं : फुटलेली नळी हातांत असते, आणि दोष मात्र जी वस्तु तेथें नाहीं तिचा असतो.

अशी नळी झाळून किंवा डाग देऊन पुन्हां वापरणें हा शुद्ध अविचार होय. उष्णतेनें पोलाद दुबळें होतें, आंत खवले सुटतात, आणि तें खवले थेट इंजेक्टरांत जातात. नळी नवीच घ्यावी, आणि त्याच एंजिनासाठीं, त्याच लांबीची, त्याच वांकणाची घ्यावी. तिच्या दोन्ही टोकांस शंकूच्या आकाराचें तोंड असतें आणि तें समोरच्या शंकाकृति खळगींत बसतें. येथें चकती नाहीं, खडूहि नाहीं, धातूवर धातूच बसावयाची. म्हणून नळी हातानें ओढूनताणून जागीं आणूं नये. दोन्ही टोकें आपसूक बसलीं पाहिजेत, नट दोन बोटांनीं फिरले पाहिजेत, आणि मगच एक पाना खालचा भाग धरण्यास व दुसरा नट फिरविण्यास घ्यावा. क्लिपा शेवटीं. जोरानें आवळलेला शंकु एकदां चेपला कीं तो पुन्हां कधींहि नीट बसत नाहीं. 'आणखी थोडा आवळ' हा आपल्याकडील कारखान्यांतला आवडता मंत्र आहे. गळत्या त्यानें थांबल्या त्यापेक्षां झाल्याच अधिक असतील.

इंधनाच्या गळतीपासून आगीचें भय किती, याबद्दल लोकांत दोन टोकांचे समज आहेत. कोणी डिझेलला पेट्रोलइतकें भितात, तर कोणी पेटती काडी डिझेलच्या बादलींत टाकली तरी ती विझते असें सांगून निर्धास्त राहतात. काडी बहुधा विझते हें खरें. थंड डिझेल सहज पेट घेत नाहीं. पण तेंच डिझेल बारीक तुषारांच्या रूपानें एंजिनाच्या धुराड्याच्या तापलेल्या नळीवर पडलें तर काडीचीहि गरज लागत नाहीं. मोठ्या जहाजांसाठीं समुद्रावरील जीवितरक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यांत म्हणून दोन बंधनें घातलीं आहेत : अधिक दाबाच्या इंधननळीवर दुसरी नळी आवरणासारखी असावी, म्हणजे आंतली फुटली तरी इंधन बाहेर उडणार नाहीं, आणि ज्या पृष्ठभागाचें उष्णतामान २२० अंश सेंटिग्रेडच्या वर जातें व ज्यावर इंधन पडण्याचा संभव आहे, त्याला उष्णतारोधक वेष्टन असावें.

एवढें करूनहि भागत नाहीं याचा दाखला २०१३ सालच्या फेब्रुवारींत मिळाला. मेक्सिकोच्या आखातांतून टेक्ससकडे परतणाऱ्या 'कार्निव्हल ट्रायंफ' या प्रवासी जहाजावर १० फेब्रुवारीच्या पहांटे एंजिनघरांत आग लागली. आग विझली, प्राणहानि झाली नाहीं. परंतु जहाजाची गति आणि बहुतेक वीज गेली, आणि चार हजारांहून अधिक माणसें शौचालयें व शिजविलेलें अन्न यांच्या सोयीवांचून चार दिवस समुद्रावर अडकून पडलीं. १४ तारखेच्या रात्रीं जहाज ओढून अलाबामांतील मोबील बंदरास आणण्यांत आलें. चौकशींत निघालेलें कारण असें : सहाव्या क्रमांकाच्या डिझेल जनित्राच्या इंधनाच्या परतीच्या मार्गावरील एक लवचिक नळी गळत होती, आणि ते तेल तापलेल्या भागावर पडलें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं ती अधिक दाबाची नळी नव्हती. इंजेक्टरांतून उरलेलें इंधन टांकीकडे परत नेणारी गरीब, कमी दाबाची नळी ती. मासेमारी नौकेवर याच नळीची सर्वांत जास्त उपेक्षा होते. ती कोठें तारेनें बांधलेली असते, कोठें धुराड्याला टेकलेली असते.

उघड्यावरच्या गळतीचा विचार येथें संपतो. आतां लपलेल्या गळतीकडे वळावयाचें.

दररोज सकाळीं एंजिन सुरू करण्यापूर्वीं तेलाची मापपट्टी ओढून पाहावी, हें प्रत्येक तांडेलाला ठाऊक असतें. तेल कमी झालें तर तो तें घालतो. पण पट्टीवर तेल वाढलेलें दिसलें तर? बहुतेकांना यांत आनंदच वाटतो. एंजिन तेल खात नाहीं, एवढाच अर्थ ते घेतात. वस्तुतः हें सर्वांत वाईट चिन्ह होय. तेल आपण होऊन वाढत नसतें. त्यांत दुसरें कोणी तरी येऊन राहिलें आहे. येणारा डिझेल असेल तर तेल पातळ होतें, त्याला डिझेलचा वास येतो आणि बोटांच्या चिमटींत धरलें असतां त्याची चिकाटी गेलेली कळते. फीड पंपाचा पडदा फाटणें, इंजेक्शन पंपाचें आंतलें पॅकिंग जाणें, झांकणाखालून जाणाऱ्या नळीचा सांधा झिरपणें, असलीं त्याचीं कारणें असतात. अशा पातळ तेलावर एंजिन चालविलें तर बेअरिंगांतला तेलाचा थर तुटतो आणि धातूवर धातु घासूं लागते. येणारें पाणी असेल तर तेल ताकासारखें किंवा दुधाच्या चहासारखें पांढुरकें होतें. शहरांतल्या गृहसंस्थांच्या आवारांत वीज गेल्यावर चालणारें जें जनित्र असतें त्याच्या तेलाच्या झांकणाखालीं थोडी पांढरी साय दिसली तर मात्र घाबरण्याचें कारण नाहीं; आठवड्याला दहा मिनिटें चालणाऱ्या एंजिनांत हवेंतली वाफ थंड होऊन ती जमते. मापपट्टीवरचें सारें तेलच पांढरें झालें असेल तर तें दुखणें दुसरें.

नौकेवर या दुसऱ्या दुखण्यांत प्रथम संशय घ्यावयाचा तो ऑइल कूलरचा. वंगणाचें तेल घर्षण कमी करतें, तसेंच दट्ट्याच्या व बेअरिंगांच्या अंगची उष्णताहि वाहून नेतें. तें स्वतः फार तापलें तर पातळ होऊन निरुपयोगी ठरतें. म्हणून त्याला थंड करावें लागतें. पुष्कळ एंजिनांत ऑइल कूलर म्हणजे एक नळकांडें असून त्याच्या आंत बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांतून पाणी वाहतें, नळ्यांच्या भोवतीं तेल. नळीची भिंत जितकी पातळ तितकी उष्णता लवकर पार होते. म्हणून ती मुद्दाम पातळ ठेवलेली असते. कूलरचा गुण तोच त्याचा धोकाहि आहे.

ही भिंत फुटली म्हणजे काय होतें तें दाबावर अवलंबून असतें. एंजिन चालूं असतां तेलाचा दाब वातावरणाच्या तीन-चार पट, पाण्याचा त्याहून पुष्कळ कमी. म्हणून दिवसा तेल पाण्यांत जातें. समुद्राचें पाणीच कूलरमधून फिरवून बाहेर सोडलें जात असेल, तर तेल त्या पाण्याबरोबर समुद्रांत निघून जातें. नौकेंत एक थेंबहि सांडत नाहीं, फक्त पाणी जेथून पडतें तेथें इंद्रधनुष्याच्या रंगाची साय तरंगते. रात्रीं नौका बंदरांत नांगरली, एंजिन बंद झालें, कीं तेलाचा दाब शून्यावर येतो. पण कूलर जर समुद्राच्या किंवा पाण्याच्या टांकीच्या पातळीखालीं असेल तर पाण्याचा दाब तसाच राहतो. आतां पाणी तेलांत शिरतें. सारांश, हें एंजिन दिवसा तेल गमावतें आणि रात्रीं, सारे खलाशी निजलेले असतांना, खारें पाणी पितें. सकाळीं पट्टीवर तेल जेथल्या तेथें दिसतें, कारण गेलेल्याची जागा आलेल्यानें भरलेली असते. मिठाचें तें पाणी बेअरिंगांच्या गुळगुळीत अंगावर डाग पाडावयास कांहीं दिवस पुरे होतात. किनाऱ्यापासून तीस-चाळीस मैलांवर जाळें पाण्यांत असतांना एंजिन अडकलें तर दुरुस्त करावयास तेथें कांहीं उरत नाहीं. बिनतारी यंत्रावरून हांक द्यावयाची आणि वारा किनाऱ्याकडे लोटील अशी आशा धरावयाची, एवढेंच तांडेलाच्या हातीं असतें.

पांढरें तेल कूलरमुळेंच होतें असें नाहीं. सिलिंडरच्या माथ्याखालचें गॅस्केट किंवा सिलिंडरच्या अस्तराचीं रबरी कडीं गेलीं तरी होतें. म्हणून कूलर काढून त्याची परीक्षा घ्यावी. ती स्वस्त आहे आणि निर्णायक आहे. तेलाच्या बाजूचीं तोंडें बंद करून तींतून निर्मात्यानें नेमून दिलेल्या मर्यादेंत हवेचा दाब द्यावयाचा आणि सारा कूलर कोमट पाण्यांत बुडवावयाचा. पाणी कोमट घेण्याचें कारण, कांहीं चिरा तापल्यावरच उघडतात. ज्या नळीच्या तोंडांतून बुडबुडे येतील ती फुटकी. बुडबुडे जुडग्याच्या टोकाच्या कड्याभोंवतीं आले तर नळ्या शाबूत असून केवळ रबरी कडें बदलण्याचें काम आहे, आणि नाखव्यानें देवाला नारळ फोडावा. एखाददुसरी नळी फुटली असेल तर तिच्या दोन्ही तोंडांत पितळेची निमुळती खुंटी ठोकून ती बंद करतां येते. कूलरची शक्ति थोडी घटते, एवढेंच. पण चार-पांच नळ्या एकदम निघाल्या तर खुंट्या ठोकीत बसणें शहाणपणाचें नव्हे. ज्या फुटल्या नाहींत त्याहि तितक्याच झिजलेल्या असतात. जुडगाच नवा घ्यावा.

येथेंहि प्रश्न तोच : ती फुटली कां? खाऱ्या पाण्यांत दोन निरनिराळे धातु एकमेकांना लागून असले कीं त्यांच्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह चालूं होतो आणि त्यांतला एक झिजतो. हम्फ्रे डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानें १८२४ सालीं यावर तोड सुचविली. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असे. त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले तर ते झिजतात आणि तांबें वांचतें, असें त्यानें दाखविलें. गंमत अशी कीं तांबें इतकें चांगलें वांचलें कीं त्याचा विषारी अंश पाण्यांत उतरेनासा झाला, तळावर शिंपले व शेवाळ वाढलें, जहाजें मंदावलीं आणि आरमारानें ती युक्ति सोडून दिली. कूलरच्या झांकणांत मात्र तीच युक्ति आज जस्ताच्या कांडीच्या रूपानें नांदत आहे. ही कांडी स्वतः झिजून नळ्यांना वांचवते. तेव्हां ती झिजलेली दिसली तर ती काम करीत आहे असें समजावें, आणि अर्धीअधिक गेली कीं बदलावी. कित्येक नौकांवर ती संपून वर्षें झालेली असतात व तिच्या जागीं साधा बोल्ट बसलेला असतो. दुसरीकडे ती शाबूतच्या शाबूत निघते; तें लक्षण चांगलें नव्हे. तिला कोणी रंग तरी फांसलेला असतो, किंवा तिचा धातूशीं संबंध तुटलेला असतो.

झीज होण्याचें आणखी एक कारण माणसाच्या हातचें आहे. खाडींतला गाळ आणि शिंपले नळ्यांत अडकतात, पाणी कमी येतें, आणि ते काढण्यासाठीं लोखंडी सळई खुपसली जाते. सळईचा ओरखडा म्हणजे पुढच्या छिद्राची पायाभरणी. लाकडी किंवा नायलॉनची कांडी घ्यावी, थोडा वेळ अधिक लागेल. समुद्राच्या पाण्याच्या मार्गावरील गाळणी दर फेरीला साफ केली तर तेवढाहि वेळ लागणार नाहीं.

कूलर दुरुस्त झाला म्हणजे काम अर्धें झालें. पाणी शिरलेलें तेल त्याच दिवशीं काढून टाकावें; त्याला निथळत ठेवून पुन्हां वापरणारे आहेत, त्यांना काय म्हणावें! नवा फिल्टर घालून, साधें स्वच्छ तेल भरून एंजिन मंद गतीनें थोडा वेळ चालवावें, तें तेलहि काढावें, आणि पांढरेपणा पार जाईपर्यंत हें करावें. पाण्याच्या बाजूस गोडें पाणी खेळत असेल तर त्यांत गेलेलें तेल मार्जकद्रव्य घातलेल्या गरम पाण्यानें धुवावें लागतें. आणि त्या बाजूच्या रबरी नळ्या दाबून पाहाव्या. तेल लागून त्या मऊ व फुगलेल्या झाल्या असतील तर आज न फुटल्या तरी गणपतींत फुटतील.

ऑगस्ट उजाडतो, समुद्र खुला होतो, आणि पुष्कळ कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेचा नारळ सागराला वाहिल्यावर नौका लोटल्या जातात. त्यापूर्वीं एक दिवस खाडींत एंजिन चालवून पाहावें. प्रथम अर्धा तास मंद, मग भार देऊन तासभर. सर्व सांधे कोरड्या पांढऱ्या फडक्यानें पुसून पाहावे, अधिक दाबाच्या नळ्यांजवळ पुठ्ठाच न्यावा. जेथून थंड करणारें पाणी बाहेर पडतें तेथें तेलाची साय दिसते का तें पाहावें. एंजिन बंद करून तळाशीं तेल उतरूं द्यावें आणि मापपट्टीवरच्या खुणेची नोंद करावी. नौका रात्रभर पाण्यांतच नांगरून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं, एंजिन सुरू करण्याच्या आधीं, तीच पट्टी पुन्हां ओढून कालच्या खुणेशीं ताडून पाहावी.